एका तासाची बेरीज

आमच्या लानवेनेकमध्ये समुद्राबद्दल एवढंच विचारतात: आत आहे की बाहेर? आत असला की पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागतं. बाहेर असला की नजर पोचेल तिथपर्यंत ओली वाळू, चिखल आणि कुशीवर कललेल्या बोटी. गावातली लग्नं आणि दफनंसुद्धा हे बघून ठरतात, कारण कालवंवाल्यांची अर्धी माणसं सुकतीच्या वेळी चिखलात असतात आणि त्यांच्याशिवाय चर्च रिकामं दिसतं.

हा हिशेब गोल्वेन कादियूइतका कुणाला येत नव्हता. वीसेक वर्षं तो आमच्या बचाव-बोटीचा तांडेल होता. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्याने बोट आपल्याच हाताखाली शिकलेल्या फान्शच्या हाती दिली आणि दर शनिवारी सकाळी गावच्या हॉलमध्ये, नव्याने राहायला आलेल्या लोकांना भरती-ओहोटी शिकवायला लागला. पैसे घेत नसे. शिकवायचा छान, पण जीभ तिखट. "पहिल्या तासाला समुद्र चोरासारखा येतो," तो सांगायचा, "दुसऱ्या तासाला पाहुण्यासारखा. तिसऱ्या तासाला मालकासारखा येतो, आणि तेव्हा तुम्ही त्याच्या घरात असलात तर तो तुम्हाला विचारत नाही." लोक हसायचे. मग तो वाळूत अडकलेल्या पर्यटकांचे किस्से काढायचा. कुणी गाडी बुडवली, कोण खडकावर बसून रडत होतं, कुणाला त्याने बोटीत घेताना काय सुनावलं. गावाने ते किस्से पाठ केले होते. उन्हाळ्यात कुणाला पाण्यातून काढलं की देनीझच्या बारमध्ये पहिला प्रश्न असायचा, "गोल्वेन काय म्हणाला?"

त्याची मुलगी एनोरा चौतीस वर्षांची. बोटींच्या वायरिंगची कामं करायची आणि चार वर्षांपासून बचाव-बोटीवर होती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. रविवारी दुपारी ती बापाकडे जेवायला जायची. तो कुट्टूच्या पिठाची धिरडी करायचा, ती भांडी घासायची, आणि दोघं बोलायचे ते बहुतेक समुद्राबद्दल. म्हणजे तो बोलायचा. त्याचं वाक्य दुरुस्त करायचं नाही, हे ती लहानपणीच शिकली होती. दुरुस्त केलं की तासभराचं व्याख्यान ऐकावं लागायचं, आणि शेवटी चूक आपलीच निघायची.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडचं भरती-ओहोटीचं कोष्टक हिवाळ्याच्या वेळेत छापलेलं असतं. मार्चअखेर घड्याळं तासभर पुढे जातात. तेव्हापासून कोष्टकातल्या प्रत्येक वेळेत एक तास मिळवायचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे येतात, आणि त्या दिवसापासून कोष्टक जसं छापलंय तसं वाचायचं. गोल्वेन हे पहिल्याच शनिवारी शिकवायचा, फळ्यावर मोठ्ठा एक काढून.

त्या वर्षी घड्याळं मागे आली त्याच रविवारी मोठं उधाण होतं. उधाणाला पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि एरवी कधी न दिसणारी जमीन उघडी पडते. गोल्वेन आपल्या वर्गाला घेऊन ‘गाढवाच्या पाठी’वर जाणार होता. किनाऱ्यापासून बरंच आत वाळूचा एक लांब उंचवटा आहे, त्याचं हे नाव. तिथे तिसऱ्या, म्हणजे वाळूतले खायचे शिंपले, भरपूर मिळतात, हाताच्या तळव्याएवढ्या. पण या उंचवट्याच्या आणि किनाऱ्याच्या मधे एक चर आहे. ओहोटीला तो घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडता येतो. भरती सुरू झाली की समुद्र आधी वळसा घालून मागून या चरात शिरतो. उंचवट्यावर उभं राहून समोर बघणाऱ्याला पाणी अजून लांबच दिसतं, आणि पाठीमागे दार लागलेलं असतं. आम्ही त्याला चोरखाडी म्हणतो.

सकाळी एनोराने बापाला फोन केला.

"बाबा, आज जेवायला जमणार नाही. मारीनामध्ये एकाच्या बोटीतला पंप बंद पडलाय."

"मी पण नाहीच घरी. वर्गाला घेऊन गाढवाच्या पाठीवर चाललोय. सव्वादोनला पूर्ण ओहोटी. तिथे बरोबर सव्वादोनला परत फिरायचं, म्हणजे सगळ्यांना कळेल शिस्त काय असते."

"सव्वादोन?"

"का?"

एनोराच्या मनात काहीतरी टोचलं. बचाव-केंद्राच्या भिंतीवर तिने सव्वा वाजताची वेळ बघितली होती. पण केव्हा बघितली, आजचीच की कालची, तिला खात्री नव्हती. शिवाय समोरचा माणूस गोल्वेन कादियू होता. पंपवालं गिऱ्हाईक मागे उभं राहून घड्याळ बघत होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "गमबूट घाला. गुडघे सांभाळा."

"मला शिकव आता," तो हसत म्हणाला आणि फोन ठेवला.

गोल्वेनने मनगटावरचं घड्याळ नीट मागे केलं होतं. स्वयंपाकघरातलं केलं, गाडीतलं केलं. फक्त डोक्यातली बेरीज मागे घ्यायची राहिली. सात महिने रोज एक मिळवणारा माणूस त्या दिवशीही एक मिळवून मोकळा झाला.

वर्गात सहा जण होते. रेन शहराहून आलेलं एक तरुण जोडपं, दोन निवृत्त भाऊ, पोस्टात काम करणारी एक बाई आणि मादाम वोशे. सोलांज वोशे लियॉनला दाताच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेली, एकटी. अंगाने चिमणीएवढी, पण प्रश्न विचारण्यात कुणाला हटायची नाही. आयुष्यभर डोंगराकडे राहिलेली ही बाई समुद्राजवळ का आली हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि म्हणून गावाने तीन-चार कारणं स्वतःच तयार केली होती.

वाळूतून चालताना ती गोल्वेनला म्हणाली, "मस्यू कादियू, मी कोष्टकात सव्वा वाचलं होतं."

गोल्वेन थांबला. सगळे जमेपर्यंत थांबला. "मादाम, त्यात काय करायचं असतं?"

"एक तास मिळवायचा. पण मला वाटलं, आजपासून..."

"पहिल्या शनिवारी शिकवलेली गोष्ट! लियॉनला समुद्र असता तर एव्हाना बुडालं असतं अख्खं शहर."

सगळे हसले. सोलांजही हसली, जरा उशिरा. आपणच चुकलो असणार असं तिला वाटलं. इथे जन्मलेला माणूस, बोटीचा तांडेल, त्याला कोण काय सांगणार?

गाढवाच्या पाठीवर त्या दिवशी तिसऱ्या खरंच अमाप होत्या. रेनच्या पोरीने बादली भरली. गोल्वेन वाळूवरची दोन बारीक भोकं दाखवत होता, कुठे फावडं घालायचं ते सांगत होता, खुशीत होता. सव्वा वाजला. समुद्र त्याच्या तळाला जाऊन क्षणभर थबकला आणि वळला, आणि कुणी बघितलं नाही. पुढे कधीतरी वाळूच्या कडेला टोचत बसलेले पक्षी एकदम उठले आणि किनाऱ्याकडे गेले. गोल्वेनने त्यांच्याकडे बघितलं. नंतर त्याने कबूल केलं की त्याला तेव्हाच शंका आली होती. पण घड्याळात सव्वादोन व्हायला वेळ होता, आणि घड्याळ बरोबर होतं.

ठरल्यावेळी ते परत फिरले. चोरखाडीच्या काठावर आले तेव्हा चर भरला होता. पाणी आतल्या दिशेने धावत होतं, शेवाळाच्या लांब पट्ट्या ओढून घेत होतं. मधे कुठेतरी ते छातीएवढं असणार.

गोल्वेनला त्या क्षणी सगळं कळलं. एक तास, फळ्यावरचा तो मोठ्ठा एक, आणि मघाचं लियॉन.

अशा वेळी काय करायचं हे तो वीस वर्षं लोकांना ओरडून सांगत आला होता. उंच जागेवर जायचं, एकत्र राहायचं आणि ताबडतोब फोन करायचा, लाज धरायची नाही, बोट त्यासाठीच आहे. त्याने खिशातला फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

"वरच्या अंगाला उतार आहे," तो म्हणाला. "चला, पटापट."

तसा उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, तिथे एकेकाळी होता. त्या वाळूत दर हिवाळ्यात उतार जागा बदलतात, हेही तोच शिकवायचा. तो लोकांना चराच्या काठाने उत्तरेकडे नेत राहिला, मधेच पाण्यात उतरून बघत राहिला. कमरेपर्यंत गेला की मागे यायचा. "अजून थोडं पुढे." सोलांज मागून म्हणाली, "फोन करा ना." तो म्हणाला, "थांबा." ती पुन्हा म्हणाली. तो वळून तिच्यावर खेकसला, "मादाम, इथे कुणी तुमचं मत विचारलंय का?"

फोन केला असता तर बोटीवर फान्श आला असता, ज्याला त्याने शिकवलं होतं. एनोरा आली असती. आणि संध्याकाळी बारमध्ये कुणीतरी विचारलं असतं, गोल्वेन काय म्हणाला? त्याच्या डोक्यात त्यावेळी एवढंच होतं. हे त्यानेच पुढे सांगितलं, म्हणून आम्हाला माहीत.

शेवटी फोन सोलांजने केला. हात थंडीने वाकडे झाले होते, आवाज चिरकत होता. केंद्रावर ज्याने तो घेतला त्याला वाटलं, कुणी घाबरलेली पर्यटक बाई रडतेय.

एनोराचा पेजर वाजला तेव्हा ती त्या पंपाखाली उताणी पडली होती. धावत केंद्रावर पोचली. फान्श इंजिन चालू करत होता. "गाढवाच्या पाठीवर सात जण," तो म्हणाला. एनोराने लाइफजॅकेटचे पट्टे ओढले आणि तिला सकाळचा फोन आठवला. "सव्वादोन?" "का?" "काही नाही."

बोट खाडीच्या तोंडाबाहेर पडली तेव्हा उंचवटा दिसेनासा झाला होता. सपाट करडं पाणी आणि त्यात माणसांचा एक झुबका, मांड्यांपर्यंत बुडालेला. गोल्वेनने शेवटी तेवढं नीट केलं होतं. त्याने सगळ्यांना हातात हात गुंफायला लावून गोलात उभं केलं होतं आणि सोलांजला मधे घेतलं होतं, कारण तिच्या कमरेच्या वर पाणी होतं. प्रवाहाकडे पाठ करून तो स्वतः बाहेर उभा होता.

"आधी बाईंना," तो ओरडला.

सोलांजचे ओठ निळे पडले होते. एनोराने तिला काखेत धरून वर ओढलं तेव्हा तिला वजन असं लागलंच नाही. मग बाकीचे आले. तिसऱ्यांच्या बादल्या कधीच वाहून गेल्या होत्या. सगळ्यात शेवटी बाप. एनोराने हात पुढे केला. त्याने तो धरला नाही, बोटीच्या कडेची दोरी धरली, आणि गुडघा वर घेता येईना म्हणून तसाच लोंबकळत राहिला. तिला आणि फान्शला मिळून त्याला पोत्यासारखं आत घ्यावं लागलं. तो बोटीच्या तळात पडून राहिला, तोंड बोटीच्या रबरी कडेकडे करून.

एनोराला बापाची काळजी वाटायला हवी होती. तिला वाटली ती लाज. परतताना धक्क्यावर गर्दी दिसली आणि तिच्या मनात आलं, हा माझा कुणी नसता तर किती बरं झालं असतं. ते वाक्य मनात उमटताच तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने उगाचच दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

धक्क्यावर देनीझ ब्लँकेटं घेऊन उभी होती. तिच्या मागे अर्धं गाव. सोलांजला स्ट्रेचरवर घालून रुग्णवाहिकेकडे नेत होते.

"गोल्वेन! अरे, काय झालं काय? तू असताना?" देनीझने विचारलं.

गोल्वेन थरथरत होता. त्याने ब्लँकेट गुंडाळून घेतलं, एकदा रुग्णवाहिकेकडे बघितलं.

"उशीर झाला," तो म्हणाला. "चिखलातून चालायला काही जणांना जड जातं."

एवढंच. कुणाचं नाव घेतलं नाही, खोटं असं काही बोलला नाही. पण सगळ्यांच्या नजरा स्ट्रेचरकडे गेल्या. "तरीच," कुणीतरी म्हणालं. "फोनवर पण तीच रडत होती ना?"

एनोरा दोन हात अंतरावर उभी होती. तिने ऐकलं. ती काही बोलली नाही.

बोट धुताना फान्श पाईप तिच्या हातात देत म्हणाला, "तुझा बाप कधी कुणासाठी थांबलाय का गं? चालता न येणाऱ्याला तो सोबत न्यायचाच नाही."

"हो," एनोरा म्हणाली.

"मग?"

तिने पाणी सोडलं. पाईपचं तोंड बोटीच्या तळाकडे वळवलं.

सोलांज एक रात्र दवाखान्यात राहून परत आली. त्या आठवड्यात गावाने तिला सोलून काढलं. बेकरीत, देनीझच्या काउंटरवर, पोस्टात. लियॉनची बाई, सहा जणांचा जीव धोक्यात घातला. शहरातून यायचं नि वाळूत फिरायचं, जमत नाही तर घरी बसावं. बिचारा गोल्वेन, या वयात गारठला तिच्यापायी. तिच्यासोबत गेलेल्यांपैकी कुणी का नाही बोललं? रेनचं जोडपं दुसऱ्याच दिवशी निघून गेलं होतं. बाकीच्यांना नक्की काय झालं ते कळलंच नव्हतं. तिने शंका विचारली होती, तिला चूक ठरवलं होतं, आणि मग पाणी आलं होतं. बुडतंय असं वाटल्यावर कोण बेरजा करतं?

गोल्वेनने शनिवारचा वर्ग सर्दीचं कारण सांगून रद्द केला. त्याच्या दारात लोक सूप ठेवून जात होते. कुणीतरी सफरचंदाच्या दारूची बाटली ठेवली, वर चिठ्ठी, ‘आमच्या तांडेलाला’.

एनोरा शुक्रवारी सोलांजकडे गेली. खिडक्यांची दारं भर दुपारी लावलेली होती. बराच वेळ ठोठावल्यावर सोलांजने उघडलं. अंगावर दोन स्वेटर होते.

"मी त्या बोटीवर होते, मादाम. तब्येत बघायला आले."

"मला माहीत आहे तुम्ही कोण ते. या. कॉफी घेता?"

स्वयंपाकघरात एनोराने कप जवळ ओढला. मग म्हणाली, "मी माफी मागायला आले."

"तुम्ही? तुम्ही तर मला वर काढलंत."

"बाबांच्या वतीने. आणि... वेळ चुकली होती, मादाम. तुमची नाही, त्यांची."

"हो," सोलांज म्हणाली. "माझं बरोबर होतं. तिथे उभं असतानाच माझ्या लक्षात आलं. इतकी थंडी वाजत होती आणि मी मनात म्हणतेय, अरे, माझं बरोबर होतं!" ती हसली आणि खोकली. "त्यांनाही माहीत आहे. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा ते माझ्या कानात म्हणाले, ‘माझी चूक, मादाम. माझीच चूक.’ दोन-तीनदा म्हणाले. रडत होते. बाकीच्यांना ऐकू गेलं नाही."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाहीत? गावात काय बोलतायत माहीत आहे ना तुम्हाला?"

"बेकरीत मला पाव देताना त्या बाईने सुटे पैसे काउंटरवर आपटले. माहीत नसायला काय झालं?" सोलांजने साखरेचा डबा पुढे सरकवला. "मी वाट बघत होते. म्हटलं, ज्या माणसाने तिथे कबूल केलं तो इथेही करेल. आज नाहीतर उद्या. एवढा मोठा माणूस रडताना बघितला की त्याच्यावर चिडता येत नाही लगेच. आता मात्र यायला लागलाय राग."

एनोराला वर बघवेना. या बाईला आपण सकाळी एका शब्दाने वाचवू शकलो असतो, धक्क्यावर दुसऱ्या शब्दाने. दोन्ही वेळा आपण बापाची मुलगी झालो. तिने कॉफी तशीच ठेवली.

तिथून ती थेट बापाकडे गेली. तो खिडकीपाशी बसला होता. समुद्र आत होता.

"बाबा, मी मादाम वोशेंकडून येतेय."

त्याने मान वळवली नाही.

"त्यांना सगळं माहीत आहे. तुम्ही कानात काय म्हणालात तेही त्यांनी सांगितलं. आणि त्या गप्प आहेत. तुमच्यासाठी."

मग तो म्हणाला, "मी काय म्हणालो धक्क्यावर ते तू ऐकलंस."

"ऐकलं."

"मी काही ठरवून नाही म्हणालो गं. तोंडातून गेलं. मग वाटलं, उद्या नीट सांगू. मग ती सूपं यायला लागली." त्याने हाताने चेहरा पुसला. "चार दिवस मी दुसऱ्यांचं सूप पितोय, एनोरा. घशाखाली जात नाही आणि फेकवत पण नाही."

"मग सांगा."

"कुणाला? घरोघर जाऊ?"

"ते तुम्ही ठरवा."

रविवारी सकाळी अकरा वाजता लानवेनेकमध्ये सगळं गाव बेकरीत असतं. रांग दाराबाहेर, थेट कोपऱ्यापर्यंत जाते. गोल्वेन आला, आणि लोकांनी त्याला पुढे जायला जागा केली. "ये, ये, तू आजारी माणूस." तो काउंटरपर्यंत गेला. एनोरा मागे दाराशी होती. तिला वाटलं, पाव घेऊन हा आता निघून जाईल, आणि खरं सांगायचं तर तिला तसं व्हावं असंही क्षणभर वाटलं.

"नेहमीचा?" बेकरीवाल्या मार्तीनने विचारलं.

"मार्तीन, त्या लियॉनच्या बाईंमुळे उशीर झाला नाही," तो म्हणाला. आवाज फार मोठा लागला, जसा वाऱ्यात बोटीवर लावतात. "मी वेळ चुकवली. घड्याळं मागे आली तरी मी एक तास मिळवला. त्यांनी मला वाटेत सांगितलं होतं. बरोबर सांगितलं होतं. मी त्यांची टिंगल केली."

मागे कुणीतरी खोकलं.

"आणि चर भरला तेव्हा मी फोन केला नाही. अर्धा तास नाही केला. लाज वाटली म्हणून. तुम्ही हसाल म्हणून. त्यांनी केला. म्हणून माणसं जिवंत आहेत. आणि वर धक्क्यावर मी... तुम्ही ऐकलंतच ते." तो थांबला. पुढचं काही सुचेना. "एवढंच होतं."

असं काही ऐकल्यावर लोक काहीतरी म्हणतील असं वाटतं. इथे पंचवीस-तीस माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती, कारण आठवडाभर तोंड प्रत्येकाने चालवलं होतं. मार्तीनचे कान लाल झाले. तिने पाव कागदात गुंडाळला, पुढे सरकवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाली, "हं, तुमचं?"

गोल्वेन रांगेच्या कडेने बाहेर आला. जाताना त्याला कुणी वाट करून दिली नाही, मुद्दाम नव्हे, कुणाला हलावं हेच सुचलं नाही. खांदे घासत तो बाहेर पडला.

एनोरा त्याला गाडीपर्यंत घेऊन गेली. दोघं बसले. तिने किल्ली लावली आणि फिरवली नाही.

"बाबा, मला माहीत होतं."

"काय?"

"सकाळी फोनवर तुम्ही सव्वादोन म्हणालात ना, तेव्हाच. म्हणजे खात्री नव्हती, पण खटकलं होतं. मी केंद्रावर सव्वा बघितलं होतं. मी बोलले नाही."

तो पाव मांडीवर धरून समोर बघत राहिला. काचेवर बारीक पाऊस पडायला लागला होता.

"का नाही बोललीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतं तुम्ही?"

त्याने विचार केला. खरंच केला, तिला दिसत होतं.

"नसतं," तो म्हणाला. "तुझीच चूक काढली असती." मग जरा वेळाने, "तरी बोलायला हवं होतंस."

"हो."

त्यापलीकडे ते त्या गोष्टीबद्दल कधी बोलले नाहीत. पण संध्याकाळी एनोरा फान्शकडे गेली आणि फोनची गोष्ट त्यालाही सांगितली, बोटीवरून काढायचं तर काढ म्हणाली. फान्शने काढलं नाही. पण दोन-तीन महिने तो तिच्याशी कामापुरतंच बोलला, आणि तिने ते निमूट सोसलं.

गोल्वेन सोलांजकडे गेला तो त्याच दुपारी, सूपाची सगळी रिकामी भांडी ज्यांची त्यांना देऊन झाल्यावर. ती त्याला आत या म्हणाली नाही. दारातच उभं राहून तिने सगळं ऐकलं. "बेकरीत बोललात ते कळलं," ती म्हणाली. "चांगलं केलंत. उशिरा केलंत. आज मला तुमच्याशी गप्पा मारायच्या नाहीत." त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला.

त्याला वाटलं होतं वर्ग आता संपला. तरी पुढच्या शनिवारी तो हॉल उघडून बसला, आणि कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी पोस्टातली बाई आली. तिला एकटीला त्याने तासभर शिकवलं, एकही किस्सा न सांगता. त्याचे किस्से त्यानंतर कुणी ऐकले नाहीत. बारमध्येही ‘गोल्वेन काय म्हणाला’ विचारणं बंद झालं, आणि आमचं आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं, कारण इतकी वर्षं ज्या लोकांवर आपण हसलो ती थंडीने गारठलेली माणसं होती, हे कळायला आम्हाला आमचाच माणूस पाण्यात उभा राहावा लागला.

फेब्रुवारीत सोलांज वर्गाला आली. मागच्या खुर्चीवर कोट न काढता बसली. गोल्वेन फळ्यावर मार्चच्या उधाणाच्या वेळा लिहीत होता. तिला बघून त्याचा खडू थांबला. सगळे बघतायत हे त्याला कळत होतं. मानेपर्यंत लाल झाला बिचारा.

"लिहा ना," सोलांज म्हणाली. "दुसऱ्या ओळीतला आकडा वाचता येत नाहीये."

त्याने तो पुसला आणि पुन्हा नीट काढला.